थंडीपेक्षा पाण्याकडे लक्ष ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. मूळचे डोंबिवलीचे. आधी तीन वर्षं बँकॉक, मग अकरा वर्षं सिंगापूर. आता नोकरीसाठी कॅनडात विनिपेगला जायचंय, विमान ८ जानेवारीचं. ताईंनी विचारलंय, "एसी सोळावर ठेवला की वाजते तेवढीच थंडी आम्हाला माहीत. कपडे कुठून घ्यायचे, घर बघताना काय बघायचं, आणि सासूबाईंना हे झेपेल का?"

मी विनिपेगमध्ये फर्नेस, म्हणजे तळघरातली घर तापवणारी गॅसची भट्टी, दुरुस्त करायचं काम करतो. पंचवीसेक वर्षं झाली. मूळचा सांगली जिल्ह्यातला. त्याआधी नऊ वर्षं सिंगापूरला रेफ्रिजरेशनच्या कामावर होतो आणि २००१ च्या जानेवारीत तिथून थेट इथं उतरलो. त्यामुळे तुमचा प्रवास मला चांगला ठाऊक आहे. इतक्या वर्षांत इथल्या शेकडो घरांच्या तळघरांत उतरलो, आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे, ती आधी सांगतो. थंडीत लोकांचे हाल होतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. घाम कपड्यात अडकतो, वाफ खिडकीवर गोठते, नळातलं पाणी भिंतीत गोठतं, आणि अंगातलं पाणी कोरडी हवा ओढून घेते. तापमान आपल्या हातात नाही. पाणी कुठं जातंय हे मात्र आपल्याला बघता येतं.

हे सिंगापूरहून येणाऱ्याला जास्त लागू पडतं. तिथल्या दुपारच्या हवेत एका घनमीटरमागे २१-२२ ग्रॅम पाणी असतं. विनिपेगच्या उणे ३० च्या हवेत अर्धा ग्रॅमही मावत नाही. तीच हवा घरात येऊन २१ अंशांना तापली आणि तिच्यात काहीच ओल मिसळली नाही, तर घरातली आर्द्रता एक-दोन टक्क्यांवर येईल. प्रत्यक्षात आपला श्वास, अंघोळ, स्वयंपाक यांनी ती वाढते, पण मूळ हवा किती कोरडी आहे ते यावरून कळेल. चौदा वर्षांत तुमची त्वचा, तुमचं कपाट आणि तुमचं स्वयंपाकघर, तिन्ही दमट हवेला सरावली आहेत. आता तिन्हींच्या सवयी बदलायच्या आहेत.

तापमानाचं आधी उरकतो. विनिपेगमध्ये जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे २१ च्या आसपास आणि दिवसाचं उणे ११ च्या आसपास असतं. दर हिवाळ्यात उणे ३० च्या खाली जाणारे काही दिवस येतातच. इथला नीचांक उणे ४७.८, २४ डिसेंबर १८७९ चा. तसं काही रोज घडत नाही. रोज बघायचा आकडा म्हणजे विंडचिल, वाऱ्यामुळे उघड्या अंगाला जाणवणारी थंडी. मी आलो तेव्हा रेडिओवर 'विंडचिल २१००' असं काहीतरी सांगायचे. चौरस मीटरमागे किती वॅट उष्णता जाते त्याचा तो आकडा होता, आणि मला काही म्हणजे काही कळायचं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी नवं सूत्र आलं. टोरंटोच्या एका प्रयोगशाळेत थंड वाऱ्याच्या बोगद्यात बारा माणसांना चालवून, त्यांच्या चेहऱ्याची उष्णता मोजून ते पक्कं केलं होतं. आता विंडचिल अंशांसारख्याच आकड्यात सांगतात. हवा उणे २५ असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा, तर विंडचिल उणे ३९. उणे २८ ते उणे ३९ या टप्प्यात उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, उणे ४० ते ४७ मध्ये पाच ते दहा मिनिटांत. उणे ४० ला इथं अतिथंडीचा इशारा निघतो. घराबाहेर पडण्याआधी हा आकडा बघायचा, बाकीचं हवामान नंतर.

विंडचिल फक्त उघड्या अंगासाठी असतो हेही लक्षात ठेवा. पाइप, गाडीचं इंजिन, खिडकीची काच यांना वाऱ्यानं लवकर थंडी भरते, पण हवेच्या खऱ्या तापमानापेक्षा त्या गार होत नाहीत.

आणखी एक फसगत होते ती उन्हाची. सगळ्यात कडक थंडीच्या दिवशी इथं आकाश निळंभोर असतं, डोळे दिपतील असं ऊन पडतं. ध्रुवाकडून आलेली जड, कोरडी हवा बसली की ढग नसतात आणि रात्री जमिनीची सगळी ऊब वर निघून जाते. उलट ढगाळ दिवस उबदार निघतो. आपल्याकडे 'ऊन पडलं, आता थंडी ओसरेल' असं म्हणतो ना, ते इथं मनातून काढून टाका. अशा सकाळी सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन फिकट सूर्य दिसतात, मधे खळ्याचा तुकडा. हवेत तरंगणाऱ्या बर्फाच्या स्फटिकांमुळे ते दिसतं. मुलीला नक्की दाखवा, पण टोपी घालून.

पहिला श्वास कसा असतो तेही सांगतो, म्हणजे घाबरायला होणार नाही. विमानतळाचं दार उघडलं की नाकात आतून काहीतरी चिकटल्यासारखं होतं. नाकातल्या केसांवरची ओल गोठते ती. खोल श्वास घेतला तर खोकला येतो. दोन मिनिटांत पापण्यांना पांढरे कण धरतात, चष्मा असेल तर आत शिरताना तो पूर्ण धुरकट होतो. पायाखालचा बर्फ करकरतो, कोरड्या पिठावरून चालल्यासारखा. उणे पाचला तो आवाज येत नाही. पुढेपुढे त्या आवाजावरूनच अंदाज येतो, आज किती आहे त्याचा.

आता कपडे. सिंगापूरहून थंडीचे कपडे घेऊन येऊ नका. तिथल्या मॉलमध्ये जे 'विंटर जॅकेट' मिळतं ते जपानच्या सहलीपुरतं असतं. प्रत्येकाला एक थर्मल जोडी, एक लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, कान झाकणारी टोपी, हातमोजे आणि बरं जॅकेट एवढं विमानतळावरून घरी पोचण्यापुरतं घ्या आणि ते हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. सामान उशिरा आलं तर काय करणार? खरे पार्का (टोपीचे जाड, लांब कोट), बूट, मिटन (चार बोटं एकत्र राहतील असे हातमोजे) इथंच घ्या. जानेवारीत ते स्वस्तही होतात. मुलीचे तर सेकंडहँड दुकानातून घ्या, एका हिवाळ्यात पोर त्यातून बाहेर जातं.

सुती कपड्यांबद्दल मात्र मी हट्टी आहे. अंगालगत सुती काही नको. बनियन नको, सुती मोजे नकोत, जीन्स नको. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं, म्हणजे ओला बनियन घालून उभं राहणं म्हणजे स्वतःच्या अंगाची ऊब बाहेर पंपानं काढून टाकणं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात फेब्रुवारीत मी दारासमोरचा बर्फ उपसायला उतरलो. आत सुती बनियन, वर दोन स्वेटर, वर जाड कोट. वीस मिनिटांत घामाघूम झालो. मग बससाठी थांबलो, बस उशिरा आली, आणि पाठीवर बर्फाची लादी ठेवल्यासारखी कापरी भरली. दातखिळी बसायची वेळ आली. त्या दिवशी तापमान फक्त उणे १८ होतं. त्यानंतर उणे ३५ ला छतांवर कामं केली, पण तशी थंडी पुन्हा कधी वाजली नाही. आतला थर लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, मधला हवा धरणारा, बाहेरचा वारा अडवणारा. आणि काम करायला बाहेर पडताना सुरुवातीला थोडं गारच वाटलं पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येणार हे नक्की.

बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा मिटन बरे. बूट अर्धा नंबर मोठे घ्या. घट्ट बुटात हवा राहत नाही, रक्तही नीट फिरत नाही. बुटाच्या आतलं नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) अस्तर काढता येणारं असावं आणि ते रोज रात्री काढून वाळवावं. दिवसभराचा पायांचा घाम त्यातच असतो. ही एक सवय लागली तर पाय गारठणं निम्म्यानं कमी होतं.

हिमदंश ओळखायला आपल्याला थोडं वेगळं बघावं लागतं. गोऱ्या कातडीवर लाल मग पांढरा डाग दिसतो. आपल्या सावळ्या रंगावर लाली कळत नाही. राखाडी, मेणचट, आजूबाजूपेक्षा फिकट असा ठिपका दिसला, किंवा दुखता दुखता अचानक दुखायचं थांबलं, तर आत जा. दुखायचं थांबणं हीच धोक्याची खूण असते. मुलीचे गाल, नाकाचं टोक, कानाच्या पाळ्या दर दहा मिनिटांनी बघा. चोळायचं नाही, बर्फानं तर नाहीच नाही. ३७ ते ३९ अंशांचं, म्हणजे अंगाला कोमट लागेल असं पाणी वापरायचं. ते कोपरानं तपासा, बधिर बोटांनी नको. हीटरवर किंवा शेगडीवर हात धरू नका, बधिर कातडी भाजते आणि कळतही नाही. फोड आले किंवा संवेदना परतली नाही तर दवाखाना गाठा.

आता घर. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमचे जानेवारीतले चोवीसपैकी बावीस तास घरात जाणार आहेत.

भाड्याचं घर बघताना लोक स्वयंपाकघर आणि फरशी बघतात. तुम्ही आधी तळघरात उतरा. फर्नेस किती जुनी, शेवटची तपासणी कधी झाली, फिल्टर कोणत्या मापाचा आणि कोण बदलणार, हे विचारा. हीटिंग भाड्यात धरलंय की वेगळं, तेही. खिडक्या दुहेरी काचेच्या की तिहेरी? काचेच्या दोन थरांच्या मध्ये धुकं दिसलं तर तिचं सील गेलंय. दिवसभर बसायची खोली दक्षिणेला असेल तर फार चांगलं, त्याचं कारण पुढे सासूबाईंच्या गोष्टीत येईल. गाडीचं इंजिन गरम ठेवायला पार्किंगच्या जागी खांबावर विजेचा सॉकेट आहे ना? कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आहे ना? नसेल तर आल्याच्या दिवशी विकत आणा.

एक सकाळ सांगतो. उणे ३४ होतं. फोन आला, रात्री तीनपासून घर गार पडलंय. भारतातून नुकतंच आलेलं जोडपं, बाळ सहा महिन्यांचं, तिघं एका गोधडीत. मी तळघरात न जाता घराच्या बाजूनं चक्कर मारली. नव्या फर्नेसला भिंतीतून बाहेर आलेले दोन पांढरे प्लॅस्टिकचे पाइप असतात. एकातून ती हवा आत घेते, दुसऱ्यातून धूर बाहेर टाकते. त्या धुरात भरपूर वाफ असते. वारा नसला की ती वाफ शेजारच्या पाइपाच्या तोंडाशीच घुटमळते आणि गोठते. आत घेणाऱ्या पाइपाचं तोंड कापसाच्या बोंडासारख्या पांढऱ्या दहिवरानं गच्च भरलं होतं. मिटन घातलेल्या हातानं ते काढलं, उरलेलं हळूच झटकलं आणि खाली गेलो. स्विच बंद करून चालू केला. आधी छोटा पंखा घुरघुरला, मग प्रज्वलकाची काडी नारिंगी झाली, गॅसचा व्हॉल्व्ह टक्कन वाजला, फुस्स करून निळ्या ज्योती पेटल्या, आणि अर्ध्या मिनिटानं मोठा पंखा सुरू झाला. त्या बाईंनी जाळीवर हात धरला आणि त्यांना रडू फुटलं. काम दहा मिनिटांचं होतं. म्हणून माझं सांगणं असं, की पहिल्याच दिवशी घराबाहेर फिरून ते दोन पाइप कुठं आहेत ते बघून ठेवा. बर्फ पडला की त्यांच्याभोवतीचा बर्फ बाजूला करा, आणि उणे ३० च्या खाली रोज एकदा नजर टाका. धुराचा पाइप तुंबणं तर जिवावरचं असतं.

फर्नेस बंद पडली म्हणून कधीही ओव्हन उघडा ठेवून, कोळशाची शेगडी पेटवून किंवा घराला लागून असलेल्या गराजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

फिल्टर थंडीत दर महिन्याला बघा. उजेडासमोर धरून पलीकडचं दिसत नसेल तर बदला. तो तुंबला की हवा पुरत नाही, फर्नेस आतून अति तापते आणि सुरक्षेसाठी स्वतःला बंद करते. असंच एक मराठी कुटुंब पाच आठवड्यांसाठी लग्नाला पुण्याला गेलं होतं. जाताना तापमान खाली करून ठेवलं, फिल्टर मात्र सहा महिन्यांचा होता. फर्नेस थांबली, घर गोठलं, वरच्या बाथरूमचा पाइप फुटला. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यापुढे तांब्याचा पाइप काय टिकणार. शेजाऱ्याला बाहेरच्या भिंतीतून बर्फ ओघळलेला दिसला तेव्हा कळलं. त्यांचं घर सावरायला उन्हाळा उजाडला. तुम्ही कधी डोंबिवलीला जाल तेव्हा पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, पाइप रिकामे करा, आणि घरात रोज कोणी तरी डोकावेल अशी सोय करा. बहुतेक घरविम्यांत तशी अटच असते, वाचून बघा. घरात असतानाही सिंक बाहेरच्या भिंतीला असेल तर कडाक्याच्या रात्री त्याखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, खोलीतली ऊब आत जाते.

जमिनीखालचंही सांगतो. २०१४ मध्ये थंडी इतकी लांबली की जमीन दोन मीटरपेक्षा खोल गोठली आणि विनिपेगमधल्या हजारो घरांचे रस्त्याखालचे नळ बंद पडले. हवा ऊबदार होऊ लागली तरी थंडी जमिनीत खाली उतरतच होती. तेव्हा पालिकेनं लोकांना पेन्सिलीएवढी धार रात्रंदिवस चालू ठेवायला सांगितलं होतं. असं पुन्हा सांगितलं गेलं तर पाणी वाया जातं म्हणून नळ बंद करू नका. आपल्याला ते जिवावर येतं, मला माहीत आहे.

आणि आता आपलं स्वयंपाकघर. कुकरच्या चार शिट्ट्या, भाताचं पातेलं, चहा, वर हीटरजवळ वाळत घातलेले कपडे. ही सगळी वाफ जाते कुठं? घरातल्या सगळ्यात गार जागेवर, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेवर. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात खिडकीच्या तळाशी बोटभर जाडीचा बर्फ साचला होता. आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं, फोटो काढले. मार्चमध्ये तो वितळला आणि चौकटीचं लाकूड काळं पडलेलं दिसलं. बुरशी. आमच्या मुलीला तेव्हापासून खोकला धरला, तो पार उन्हाळ्यापर्यंत. म्हणून स्वयंपाक करताना वरचा पंखा चालू ठेवा, आणि घर घेण्याआधीच तो हवा खरोखर बाहेर टाकतो की गाळून परत खोलीतच सोडतो ते विचारा. भाड्याच्या पुष्कळ घरांत तो परत खोलीतच सोडतो. अंघोळीनंतर बाथरूमचा पंखा वीस मिनिटं. पडदे काचेला चिकटून नकोत, रात्री पडदा पूर्ण ओढला की काच आणखी गार होते आणि ओल तिथंच धरते. पातेल्यांवर झाकण.

म्हणजे एकीकडे हवा कोरडी म्हणून त्रास आणि दुसरीकडे ओल म्हणून त्रास. दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी. त्यावर माझं उत्तर एका स्वस्त आर्द्रतामापकात आहे. बाहेर उणे १० असेल तेव्हा घरात ३० टक्के चालतं. बाहेर उणे ३० गेलं की २० टक्क्यांच्या आसपास यायला हवं, नाहीतर काचा गळू लागतात. फर्नेसला लावलेला ह्युमिडिफायर (हवेत ओल सोडणारं यंत्र) असेल तर त्याचं बटण तापमानानुसार खालीवर करा. लोक ते एकदाच ४० वर ठेवतात आणि विसरतात.

घरी आमच्याकडे दर संक्रांतीला हळदीकुंकू असतं. वीस-बावीस बायका, दोन पातेली चहा, दाराशी बुटांचा ढीग. तासाभरात एकेका काचेवरून धारा वाहू लागतात, आणि बाहेर उणे २५ असेल तर त्याच धारा खाली गोठतात. पाहुण्या निघाल्या की मी पंखे लावून काचा पुसत फिरतो. माणसांच्या श्वासात किती पाणी असतं ते त्या दिवशी डोळ्यांना दिसतं.

कोरडेपणाचा पहिला फटका मुलीच्या नाकाला बसेल. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घोळणा फुटला तर हबकून जाऊ नका. मान मागे न टाकता पुढे झुकवून नाकपुड्या दहा मिनिटं चिमटीत धरा. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचे थेंब आणि नाकपुडीच्या कडेला बोटानं थोडं व्हॅसलीन. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. तहान लागणार नाही, तरी पाणी प्या, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ते बाहेर जात असतं. अंघोळ कडकडीत पाण्यानं आणि लांबलचक नको. अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावा. खोबरेल इथं बाराही महिने थिजलेलं असतं, बाटलीऐवजी रुंद तोंडाची बरणी घ्या. टाचांच्या भेगांना मात्र मी आजवर कोकमाच्या तेलाएवढं गुणकारी काही बघितलं नाही. कोकणातून कोणी येणार असेल तर एक गोळा मागवून ठेवा. तो जरा तापवून रात्री लावा, वर मोजे.

गाडीचं थोडक्यात. हिवाळी टायर इथल्या मॅनिटोबा प्रांतात सक्तीचे नाहीत, तरी घ्याच. इंजिनला ते गरम ठेवणारा ब्लॉक हीटर असतो, त्याची वायर पुढून बाहेर लोंबते. उणे १५-२० च्या खाली निघण्याआधी तीन-चार तास ती सॉकेटला लावा, टायमर मिळतो. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली नको. गाडीत ब्लँकेट, फावडं, मेणबत्ती, खायला काहीतरी. सकाळी पहिली काही मिनिटं चाकं चौकोनी असल्यासारखी गाडी धडधडेल. रात्रभर उभी राहून टायर खालून चपटे होतात, आपोआप सरळ होतील. मीठ कडाक्याच्या थंडीत बर्फ वितळवत नाही, म्हणून इथं रस्त्यावर वाळू टाकतात. चौकात ब्रेक खूप आधीपासून दाबा.

मुलीला गाडीच्या सीटवर बसवताना जाड जॅकेट काढा, पट्टा अंगालगत आवळा, मग जॅकेट वरून उलटं पांघरा. जाड कपड्यावरून आवळलेला पट्टा अपघातात सैल पडतो. शाळेची काळजी नको. विंडचिल उणे २७-२८ पेक्षा कमी थंड असेल तर मधल्या सुट्टीत पोरं बाहेरच खेळतात, आणि घरात सगळ्यात आधी तीच रुळेल.

नवऱ्याला एक सांगा. बर्फ उपसणं हा हृदयावर मोठा ताण असतो. कॅनडाच्याच क्विबेक प्रांतातल्या हजारो नोंदींवरून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या हिमवर्षावाच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराचे झटके वाढलेले त्यात दिसले. आपल्या लोकांना मुळात हा आजार लवकर गाठतो. बर्फ उचलू नका, ढकला. थोडा थोडा काढा, भरल्या पोटी नको. चाळिशीपुढे असाल आणि घरात कोणाला हृदयविकार असेल तर आधी तपासून घ्या.

आता सासूबाई. हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांना थंडी झेपेल. घर २१ अंशांवर असतं, साडीखाली थर्मल घालता येतं, बुटाखाली लावायचे काटे मिळतात. ते काटे मात्र जरूर घ्या, त्या वयात पडणं फार महागात जातं. बर्फावर पावलं छोटी टाकायची, पाय सपाट ठेवायचे, हात खिशात नाहीत.

जड जातो तो अंधार, आणि घरात बसून राहणं. सिंगापूरला बारा महिने बारा तासांचा दिवस. इथं तुम्ही उतराल तेव्हा सूर्य साडेआठच्या सुमारास उगवेल आणि पावणेपाचला मावळेल. माझी आई २००६ च्या हिवाळ्यात आली. पहिला महिना ती खिडकीशी बसून राहायची, बोलणं कमी झालं, दुपारी झोपायची आणि रात्री जागी. आम्हाला वाटलं, थंडीनं असेल. थंडी तिनं पाहिलीच कुठं होती? ती बाहेरच गेली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं तसं आम्ही तिची खुर्ची उत्तरेच्या खोलीतून दक्षिणेच्या खोलीत हलवली आणि सकाळी अर्धा तास १०,००० लक्सचा, म्हणजे फार प्रखर उजेडाचा, दिवा लावू लागलो. ड जीवनसत्त्व सुरू केलं. त्याची दिवसाची गरज सत्तरीपर्यंत ६०० आणि पुढे ८०० एकक अशी धरतात, पण तुम्ही डॉक्टरांशी बोलून ठरवा, आपल्या सावळ्या कातडीला ते उन्हातून हळू मिळतं. आणि रोज सकाळी तिला मॉलमध्ये चालायला नेऊ लागलो. तिथं म्हाताऱ्या माणसांचा घोळकाच असतो. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी आठवड्यात एका युक्रेनियन आजींशी गट्टी जमली. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या.

फेब्रुवारीत तिनं स्वतःहून बूट मागितले. रेड आणि असिनिबॉइन नद्यांच्या संगमावर, द फोर्क्सला, गोठलेल्या नदीवर चालायची वाट करतात, मध्ये ऊब घ्यायला छोट्या झोपड्या. त्या दिवशी उणे १४ होतं, वारा नव्हता. कृष्णेच्या घाटावर वाढलेली बाई नदीवर पाय ठेवायला तयार नव्हती. आधी वाकून नमस्कार केला, मग बूट काढते म्हणाली. ते मात्र आम्ही करू दिलं नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यापासून त्यांना रोज एकदा घराबाहेर काढा, पाच मिनिटं का होईना. तुम्ही उतरल्यावर सहाव्या दिवशी संक्रांत आहे. तीळ, गूळ, बाजरीचं पीठ इथल्या भारतीय दुकानांत मिळतं, सिंगापूरहून आणायची गरज नाही. सामानातली ती जागा कोकमाच्या तेलाला आणि लोकरीच्या मोज्यांना द्या.